सुनेचा ताल

कालोलाइनेनं खळीचं भांडं माझ्या गुडघ्याशी आदळलं, तेव्हाच मी ओळखलं, आज कापड रंगवणं हे निमित्त. भावजयबाईंना रंगवायचंय दुसरंच काहीतरी.

"वन्सं, खळ बघा हो, दाट झालीय का," असं ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. मग वाकून माझ्या कानाशी आली. "आणि आज तिला सांगून टाका. उद्या कचेरीत उत्तर द्यायचंय तिला. तुमचा शब्द ती मोडणार नाही."

"ती म्हणजे कोण?"

"आता कोण! तुमची लाडकी पासिमाता. माझी सून."

"लाडकी माझी आणि सून तुझी. वाटणी बरी केलीस."

ती गप्प झाली. पण कालोलाइने गप्प होते ती हरली म्हणून नव्हे, दम खायला.

तंटा असा होता. माझा भाऊ समिउ, त्याचा मुलगा लिसिआते, आणि लिसिआतेची बायको ही पासिमाता. चर्चच्या गायनात तिचा आवाज ऐकून हवामान कचेरीवाल्यांनी तिला रेडिओवर समुद्राचं हवामान सांगायला नेलं होतं. तेही कुणी रजेवर असलं तरच. आता तिथला म्हातारा निवेदक घरी बसला आणि ती जागा तिला कायमची देऊ केली. रोज सकाळी, रोज दुपारी. कालोलाइनेचं म्हणणं, दोन लेकरांच्या आईनं रोज उठून घराबाहेर पडू नये, सुनेची जागा साल कुटायच्या मोगरीपाशी, रेडिओपाशी नाही. समिउचं म्हणणं, बहीण म्हणेल ते. लिसिआते काही म्हणतच नव्हता. आणि आमच्या बेटांवर भावाच्या घरात आत्याचा शब्द शेवटचा. राजाच्या घरात तेच, आमच्या छपरात तेच. म्हणून सगळ्यांची डोकी माझ्याकडे वळलेली. मान मिळतो खरा, पण वाईटपणाही आपल्याच पदरात पडतो, हे मानाबरोबर कुणी सांगत नाही.

चर्चमागच्या लांब छपराखाली, बुटक्या भिंतींच्या आत, आम्ही बायका पाटाच्या दोन्ही अंगांना बसलो होतो. पाटावर ठसे बांधलेले. त्यावर झाडाच्या कुटलेल्या सालींचे तुकडे एक आडवा एक उभा असे खळीनं चिकटवायचे, रंगाचा बोळा घासायचा, खालचा ठसा वर उमटला की "ओढा गं!" म्हणून कापड पुढं ओढायचं. लिसिआतेची बहीण सिसिलिया, तिच्या पोराचा पहिला वाढदिवस आला होता. माहेरचं कापड तिच्या सासरी जायचं, ते असं गेलं पाहिजे की व्याहीणबाईंना बसल्या जागी मान लववावी लागेल.

मी एक तुकडा उचलून उजेडात धरला.

"ए इलाइसाने, हे बघ. पातळ कांद्याच्या सालीसारखं, आणि भोक सापडतंय का शोध."

इलाइसाने माझ्याच वयाची, रंगाच्या बोळ्यावर तिच्यासारखा हात गावात नाही. तिचा नवरा अजून होडी घेऊन जातो, म्हणून तिच्या मांडीशी कायम एक छोटा रेडिओ. तिनं डोळे बारीक केले. "नाही बाई सापडत. कुणी कुटलं?"

"पासिमातानं. मला विचारायचीही गरज नाही. गेले कित्येक दिवस ऐकत्येय मी, त्यांच्या मागच्या अंगणातून. दोन जड, एक हलका, मग श्वासभर थांबायचं. माझ्या आईचा ताल तो. तिचा माझ्याकडे आला."

आमच्या गावात कोण कुटतंय हे पाहावं लागत नाही. कानाला कळतं. कालोलाइने कुटते ती कोंबडीनं दाणे टिपावेत तशी. इलाइसानेचा हात शेवटी शेवटी घसरतो. माझ्या पोटी पोर नाही. माझा ताल माझ्याबरोबरच पुरायचा असं मी धरून चालले होते. आणि एक दिवस अंथरुणात पडल्या पडल्या तो मला शेजारच्या अंगणातून ऐकू आला. उठून बसले मी. या परक्या बेटावरून आलेल्या पोरीनं कधी उचलला? सगळ्या गावाला सांगत सुटले होते मी, शिकवून येत नाही, रक्तात नसलं तरी मनात असावं लागतं वगैरे.

"पोरीचा हात आहे," मी म्हणाले. "मान वर कर की गं पासिमाता."

तिनं मान आणखी खाली घातली. मला वाटलं, विनय.

दुपार होत आली तसं लक्षात आलं, शेवटच्या काठाला एक तुकडा कमी पडतोय. पासिमाता उठली, चारचौघांत जाताना कमरेला गुंडाळतो ती चटई नीट बांधली आणि माझ्यापुढं येऊन खाली बसली.

"आत्याबाई, मला जायला हवं. दुपारचं हवामान आज माझ्याकडे आहे. काठाचा तुकडा घरून येईल."

"येईल?" कालोलाइने म्हणाली. "पाय फुटलेत का त्याला?"

बायका हसल्या. पासिमाता हसली नाही. तिनं माझा हात धरला. खळीनं आमचे दोघींचे हात चिकटले.

"तुम्ही आज नको म्हणालात तर उद्या मी कचेरीत नाही म्हणून सांगेन. मनाविरुद्ध सांगेन, पण सांगेन. एवढंच, की नको म्हणायच्या आधी..." ती थांबली. "घरात मी बोलते ना आत्याबाई, तेव्हा भांडं पडल्यासारखं असतं. कोण बघतं? तिथं मी बोलले की माणसं होड्या वर ओढतात."

"कापड संपलं की शब्द देईन," मी म्हणाले. "आधी जा. खोळंबलेत तुझे समुद्र."

ती गेली. तिची पाठ वळते न वळते तोच कालोलाइनेनं बोळा खाली टाकला.

"बघितलंत? कापड अर्धं टाकून चालली! आणि आमची सिसिलिया बघा. ऑकलंडला शिकून आली, बँकेत काचेच्या खोलीत बसते, पोर झालं तरी सोमवारी पुन्हा कामावर. आणि आज इथं मांडी घालून काम करत्येय. याला म्हणतात वळण."

सिसिलिया माझ्या उजव्या हाताला होती. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिनं मला मागाहून सांगितलं. आईच्या प्रत्येक शब्दागणिक ती बोळा जोरात घासत होती, इतका की ठशाची रेघ जाड झाली. मी तिच्या मनगटावर चापट मारली. "कापडाचा काय दोष?"

तिनं बोळा ठेवला. "आई, मी सोमवारी बँकेत जाणार नाहीये."

"मंगळवारी जा. सुट्टी वाढवून मिळत असेल तर..."

"कधीच जाणार नाहीये. आमचं ठरलंय. नवऱ्याच्या पगारात भागेल, कमी खाऊ."

कालोलाइनेचं तोंड उघडं राहिलं. समिउनं पकडलेल्या माशाचं राहतं तसं. "बाळाला मी सांभाळते की! कुणी म्हणालं तुला? तुझ्या सासूनं काही म्हटलंय का? येऊ दे ती कापड घ्यायला, चांगली..."

"कुणी काही म्हटलं नाही. मलाच हवंय. बाळाजवळ राहायचंय, आणि हे शिकायचंय." तिनं पाटाकडे हात केला. "संध्याकाळी बँकेतून निघते तेव्हा दिवसभर काय केलं ते हातात धरून दाखवता येत नाही, आई."

"मग शिकवलं कशाला तुला? तुझ्या बापानं उन्हात व्हॅनिलाच्या शेंगा वाळवल्या त्या तू झाडांच्या साली कुटाव्यास म्हणून? घरीच बसायचं होतं तर..."

"कालोलाइने," मी म्हणाले, "मला जरा नीट समजावून सांग. मी तिसरीतून शाळा सोडली, मला उशिरा कळतं. सुनेनं बाहेर गेलं तर घर बुडतं. आणि लेकीनं घरी राहिलं तर शिक्षण बुडतं. होय ना?"

"वन्सं, दोन्ही वेगळं आहे."

"वेगळं आहेच. एक तुझ्या पोटची आहे."

पाटाच्या त्या टोकाला कुणीतरी फिसकन हसलं. कालोलाइनेनं कोण ते पाहून ठेवलं. तेवढ्यात इलाइसाने ओरडली, "शूऽऽ! लागलं, लागलं!" आणि तिनं रेडिओचा आवाज वाढवला.

पासिमाताचा आवाज छपराखाली आला. आमच्या घरातलीच पोर, पण रेडिओतून ऐकताना पाठीचा कणा आपोआप ताठ होतो. संथ, स्वच्छ. कुठं घाई नाही. "आग्नेयेचा वारा संध्याकाळनंतर जोर धरेल. लाटा उंच राहतील. लहान होड्यांनी उद्या दिवसभर प्रवाळाच्या बाहेर जाऊ नये." इलाइसानेनं छातीवर हात ठेवला. तिचा म्हातारा उद्या निघणार होता.

आणि त्याच वेळी समिउच्या मागच्या अंगणातून मोगरी सुरू झाली.

दोन जड, एक हलका. श्वासभर थांबणं. दोन जड, एक हलका.

पाटाच्या दोन्ही बाजूंचे सगळे हात थांबले. रेडिओवर पासिमाता उत्तरेकडच्या बेटांचं हवामान सांगत होती. अंगणात पासिमाता साल कुटत होती.

इलाइसानेनं एकदा रेडिओकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे, मग माझ्याकडे. "फेहोको," ती म्हणाली, "तुझी भाचेसून फार कामाची गं. दोन ठिकाणी एकदम आहे."

गावभर वाजवलेला ढोल माझ्याच पायावर पडला होता.

आता लिसिआतेचं सांगते. त्याला बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बायको जाता जाता घरात डोकावून म्हणाली, एक तुकडा कमी आहे, आणि हा ओंडक्याशी बसला. पासिमाताला कुटता येत नाही असं नव्हे, पण तिचा हात दमतो, साल फाटते, आणि फाटली की ती रडते. मुलं झोपली की रोज ती एक तास कुटायची आणि तीन तास ठिगळं लावायची. एक दिवस यानं मोगरी तिच्या हातातून काढून घेतली, म्हणाला, तू निज. आणि कुटायला लागला तर साल लोण्यासारखी पसरली. तेव्हापासून अंगणाला झावळ्यांचा आडोसा घालून चाललं होतं. बाहेरून ऐकणारा म्हणायचा, काय कष्टाळू सून आहे! तो आत हसायचा. खरं तर तो तेव्हा सुखात होता, असं मला वाटतं. शेतात आणि उमूच्या, म्हणजे जमिनीत अन्न भाजायच्या, खड्ड्याशी त्याच्या कामाला दहा जण नावं ठेवायचे, इथं ऐकणारे सगळे वाहवा करत होते, फक्त भलत्याच नावानं.

थोड्या वेळानं तो ओला तुकडा केळीच्या पानावर घेऊन आला. आत सिसिलिया असल्यामुळं तो छपरात पाऊल टाकणार नव्हता. मोठं झाल्यावर आमच्यात भाऊ-बहीण एका छपराखाली बसत नाहीत, म्हणून तर समिउही सकाळपासून बाहेर नीरफणसाखाली एकटा बसला होता. लिसिआतेनं खिडकीतून हात आत घातला.

"घ्या गं कुणीतरी. पासिमातानं कुटून ठेवला होता."

"ओला आहे," मी म्हणाले.

"हो आत्या, तो... ओला ठेवला होता."

"आणि तुझ्या केसांत काय आहे? पिठी?"

त्यानं डोक्यावरून हात फिरवला. सालीचे तंतू खाली पडले. मग त्यानं आतली शांतता ऐकली असावी, कारण त्याचा आवाज एकदम लहान झाला, शाळेतून पळून आल्यावर व्हायचा तसा. "आत्या, मी कुटलं. सगळं मीच कुटलं."

कालोलाइने उभी राहिली. "अरे देवा! माझा मुलगा! बायको रेडिओवर आणि हा मोगरी घेऊन! उद्या मिशा काढून चटया विणायला बस! वन्सं, हे सगळे तुकडे काढून टाका. पुरुषानं कुटलेलं कापड आपण व्याह्यांकडे नेणार?"

"खळ वाळली," इलाइसाने बोळ्याकडे बघत म्हणाली. "आता सगळं कापडच फाडावं लागेल."

आणि मला, खरं सांगू, राग आला होता. कालोलाइनेपेक्षा जास्त आला होता. पुरुषांकडे जमीन आहे, होड्या आहेत, चर्चमधलं प्रवचनाचं आसन आहे. आमच्याकडे एवढंच कापड. जन्मताना अंगाखाली हेच, मरताना अंगावर हेच, आणि ते बाईच्याच हातचं. तिथंही यांनी हात घालायचा?

"तुला कुणी सांगितलं कुटायला?" मी विचारलं.

"कुणी नाही."

"मग माझा ताल तुझ्या मनगटात कसा आला? चोरलास?"

खिडकीतून त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त तो तुकडा धरलेला हात. "चोरला नाही, आत्या. आई बाजारात जायची तेव्हा मला तुझ्याकडे ठेवायची ना? तू कुटत असायचीस, मी ओंडक्याला डोकं लावून झोपायचो. मला दुसरा ताल येतच नाही."

मी तो तुकडा त्याच्या हातातून घेतला. उजेडात धरला. भोक शोधलं. मला भोक सापडायला हवं होतं, म्हणजे बोलणं सोपं झालं असतं.

बाहेर किनाऱ्यावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. समिउ होडी वर ओढत होता, पार झुडपांपर्यंत.

कालोलाइने दारातून ओरडली, "अहो, हे काय? वाढदिवसाला मासे कोण आणणार?"

"उद्या नाही जात," समिउ म्हणाला. "पासिमाता नको म्हणाली."

"सून नको म्हणाली आणि तुम्ही ऐकलंत? मी तीस वर्षं नको म्हणत्येय!"

"तू वाऱ्याचं नाव सांगत नाहीस," तो म्हणाला, आणि दोर बांधू लागला.

या वेळी हसणारे पाहून ठेवणं कालोलाइनेला जमलं नाही. सगळीच हसत होती, सिसिलियासुद्धा. खिडकीतला हातही हलत होता. मी मात्र तोंडावर हसू येऊ दिलं नाही, मला अजून रागवायचं होतं.

पासिमाता कचेरीच्या गाडीतून परत आली, तेव्हा काठ चिकटवून झाला होता. दारातच ती थांबली. सासू उभी, नवरा खिडकीबाहेर, सगळ्या बायका तिच्याकडे बघतायत. तिला सांगावं लागलं नाही.

"मी फसवलं तुम्हाला, आत्याबाई."

"फसवलंस. एवढं गावभर कौतुक केलं मी तुझं. आता ते परत गोळा करत कुठं हिंडू?"

"मी सांगणार होते. पण तुम्ही इतक्या खूश होतात..."

"म्हणजे चूक माझीच. बरं." मी गुडघ्यावर हात टेकून उठले. माझ्याबरोबर बाकीच्या बायकाही बोळे ठेवून सरळ बसल्या. कापड संपलं होतं. शब्द द्यायची वेळ झाली होती.

"मघाशी काय म्हणालीस? मी नको म्हणाले तर तू नको म्हणशील. ते मला आवडलं नाही. उद्या पोरं आजारी पडली, भात करपला, तर म्हणशील आत्याबाईंनी जा म्हटलं होतं. माझ्या पदराआड लपायचं नाही. तुला काय हवंय? आणि भांडं पडल्यासारखं बोलू नकोस. होड्या वर ओढायला लावतेस तशी बोल."

तिनं श्वास घेतला. सासूकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. समोर पाहिलं. "मला ती जागा हवी आहे. सकाळ आणि दुपार, दोन्ही."

रेडिओ बंद होता, तरी इलाइसानेनं त्याच्याकडे पाहिलं.

"हे असंच उद्या कचेरीत सांग," मी म्हणाले. "हा माझा शब्द."

"वन्सं!" कालोलाइने म्हणाली. "आणि घर?"

"घरात तिचा नवरा आहे. कुटायला येतं, म्हणजे बाकीचंही येईल. सिसिलिया, तू. 'घरी बसते' हा शब्द माझ्यापुढं काढू नकोस. मी जन्मभर घरी बसले, हे गुडघे बघ. उद्या उजाडलं की माझ्या अंगणात ये. आणि बँकेला नीट, मान ठेवून कळव. पुढंमागं परत जावंसं वाटलं तर दार उघडं असावं. तेव्हाही मला विचारायला येऊ नकोस."

"आणि व्याहीणबाईंना काय सांगायचं?" कालोलाइने रडवेली झाली होती. तिचं दुःख खोटं नव्हतं, हे मी लिहून ठेवते. लेक साहेबीण आणि सून घरंदाज, असं चित्र तिनं किती वर्षं मनात रंगवलं होतं, आणि एका दुपारीत दोन्ही बाजू उलट्या उमटल्या.

"उजेडात धरून दाखवायचं. भोक सापडलं तर मला बोलवायचं." मी खिडकीकडे वळले. "आणि तू रे. माझा ताल घेतलास तर घेतलास. पण झावळ्यांच्या आड बसून वाजवायला तो काय चोरीचा आहे? उद्यापासून पुढच्या अंगणात कुटायचं. रस्त्याकडे तोंड करून."

"आत्या, लोक हसतील."

"हसू देत. तुझ्या बायकोलाही हसले होते."

दुसऱ्या दिवशी वारा सुटला, तिनं सांगितलं होतं तसाच. इलाइसानेचा म्हातारा घरीच होता आणि कुरकुरत होता, ते मला कुंपणापलीकडून ऐकू येत होतं. सिसिलिया पोराला चटईवर निजवून माझ्यासमोर बसली. पहिल्याच घावाला तिनं साल फाडली. मी दुसरी दिली.

मग समिउच्या पुढच्या अंगणातून मोगरी सुरू झाली. एक जड, एक हलका, एक कसातरीच. रस्त्यावरून जाणारं कुणीतरी शीळ घालून गेलं. मोगरी थांबली. पुन्हा सुरू झाली, आणखी वाईट. सगळं गाव बघतंय म्हटल्यावर पोराचं मनगट लाकडासारखं झालं होतं.

"आत्या, जाऊ का सांगायला?" सिसिलिया म्हणाली.

"भाऊ आहे तो तुझा. बस इथं."

मी उठणारच होते. इतक्यात कालोलाइनेचा आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"अरे मनगट सैल सोड! लाकूड फोडतोयस का? सरक तिकडं. आण ती इकडं. हे बघ, असं."

आणि कोंबडीनं दाणे टिपावेत तसा तो ताल सुरू झाला.

"नाही आई," लिसिआते म्हणाला, "आत्याचं असं नाहीये. तू ऐक."

मोगरी पुन्हा त्याच्या हातात गेली असावी. मग दोन जड, एक हलका, श्वासभर थांबणं.

मी सिसिलियाच्या मनगटावर बोट ठेवलं. "आता," मी म्हणाले, "त्याच्याबरोबर मार."